माझ्या नावावरची बास्केट

गेल्या महिन्यात आमच्या सोलापूरला अचानक आठवलं की आपल्या गावची एक मुलगी भारताच्या संघातून बास्केटबॉल खेळते. म्हणजे ती निवृत्त झाल्यावर आठवलं. खेळत होती तोवर कुणाला फुरसत नव्हती. चौकाचौकात फलक लागले. फलकांवर पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे आणि हिचा चेहरा खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. एवढी उंच बाई त्या कोपऱ्यात कशी बसवली, ते फलक छापणाऱ्यालाच ठाऊक.

सत्कार समितीची माणसं आमच्या कार्यालयात आली आणि साहेबांना म्हणाली, तुमच्याकडे तिच्याबरोबर खेळलेल्या बाई आहेत ना, पाहुण्यांचा परिचय त्यांनीच करून द्यावा. साहेबांनी माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. मी खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागले हे सगळ्या कार्यालयाला माहीत आहे. वार्षिक क्रीडा दिनाला रस्सीखेचीची शिट्टी दरवर्षी माझ्याच हातात देतात. मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण मी वीस वर्षांत कुणालाही दिलेलं नाही. तिच्याबरोबर मी एकही सामना खेळलेले नाही.

परिचय लिहायला मी घरी बसले. जुळे सोलापूर या भागातलं आमचं घर आता जुनं झालंय, पण बैठकीच्या खोलीतली एक भिंत वडील दर दिवाळीला पुसून घेतात. तिथे काचेच्या चौकटीत माझं प्रमाणपत्र आहे. राज्यस्तरीय शालेय स्पर्धा, मुली, प्रथम क्रमांक, आणि खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. घरी कुणी आलं की वडील सांगतात, अंतिम सामन्यात शेवटची बास्केट हिनं मारली. सुरुवातीला मी त्यांना अडवायचे. मग चहा आणायला उठायला लागले. आता तर वडिलांना ते खरंच वाटतं, आणि मारताना माझा पाय कसा घसरला होता हेही ते सांगतात.

ती बास्केट तिनं मारली होती. मी त्या वेळी याच घरात, मागच्या खोलीत, खिडक्या लावून बसले होते.

मी नववीत होते. शाळेच्या संघात बारा मुली आणि मी बारावी. उंच होते म्हणून घेतलेली. सिमेंटच्या कोर्टावर तापलेला बॉल बोटांची सालं काढायचा, आणि मी तो लगेच दुसरीकडे देऊन टाकायचे. आमचे खेळाचे सर म्हणायचे, या मुलीला बॉलची ॲलर्जी आहे. माणूस तोंडाळ, पण त्यांची नजर चुकायची नाही.

ती आमच्या शाळेची नव्हती. कुंभारीच्या कामगार वसाहतीत राहायची. घरात तेलुगू बोलायची, शाळा महापालिकेची. आई विड्या वळायची, हीही हाताखाली बसायची, आणि वळलेल्या विड्या द्यायला आई आमच्या मैदानामागच्या कारखान्यात यायची. आईचं काम होईपर्यंत ही मुलगी कुंपणाच्या भिंतीशी उभी राहून आमचा खेळ बघायची. एकदा बॉल भिंतीबाहेर गेला. तिनं तो एका हातात झेलला आणि परत द्यायलाच तयार होईना. मला खेळायला घेत असाल तर देते, म्हणाली. सरांनी घेतलं, हसत हसतच. अर्ध्या तासानं ते हसायचे थांबले होते.

विड्या वळणाऱ्या हातांना काय ठाऊक असतं ते मला तेव्हा कळलं. तिची बोटं बॉलकडे न बघता त्याचं काय करायचं ते करत असत. आम्ही वर्षभर घोकत होतो ते तिनं पंधरा दिवसांत उचललं. मला तिचा राग यायचा, हे लिहूनच टाकते. राग यायचा आणि ती आली नाही की मैदान ओकंओकं वाटायचं.

आमचा संघ जिल्ह्यात जिंकला, विभागात जिंकला, राज्याच्या स्पर्धेला निघाला. यादी गेलेली होती. दुसऱ्या शाळेची मुलगी त्यात घालता येत नव्हती. मग एका रविवारी सर आमच्या घरी आले, पोहे खाल्ले आणि वडिलांना म्हणाले, तुमच्या मुलीला तिथे बाकावरच बसायचं आहे. नाव हिचं राहू दे, खेळेल ती. प्रमाणपत्र तुमच्याच घरात येईल, पुढं नोकरीला उपयोगी पडेल. सगळ्याच शाळा असं करतात, हेही सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. वडिलांनी चहा संपायच्या आत होकार दिला. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

माझ्या ओळखपत्रावरचा फोटो वाफेवर धरून काढला आणि तिथे तिचा चिकटवला. गोल शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर, असा पुन्हा मारला. ती आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशी बसून माझं नाव, वडिलांचं नाव, माझी जन्मतारीख पाठ करत होती. माझी सहीही गिरवली. दहा-बारा वेळांत तिला ती माझ्यापेक्षा झोकदार यायला लागली. आई तिला म्हणाली, जेवून जा. ती म्हणाली, आज मी तुमचीच की, वाढा. आम्ही सगळे हसलो.

कागदावर मी आठवडाभर परगावी होते, म्हणून खरी मी घराबाहेर पडायचं नाही असं ठरलं. शाळा नाही, गच्ची नाही, वाण्याकडे जाणं नाही. शेजारच्या काकू आल्या की मी मागच्या खोलीत. एकदा शिंक आली तर तोंडावर उशी दाबून घेतली. सहाव्या दिवशी वर्तमानपत्रात माझं नाव छापून आलं. एका गुणानं मागं असताना, वेळ संपता संपता, बोर्डावरून उसळलेला बॉल दोघींच्या डोक्यावरून काढून मी म्हणे बास्केट मारली होती. मी ती बातमी पलंगावर पालथी पडून वाचली. वडिलांनी संध्याकाळी पेढे आणले, पण दार लावून वाटले.

इथवरचं पाप सरांचं आणि वडिलांचं आहे असं म्हणता येईल. पुढचं माझं.

स्पर्धा बघायला राज्याच्या संघाचे निवडकर्ते आले होते. सरांनी तिच्या आईला सांगून ठेवलं होतं की निवड झाली तर चिठ्ठी येईल, मग वसतिगृह, शिक्षण, सगळं सरकार बघेल. पंधरा दिवसांनी चिठ्ठी आली. आमच्या घरी आली, माझ्या नावानं. शिबिराला हजर राहावे, सोबत जन्माचा दाखला आणावा. वडील ती वाचून पांढरे पडले. सर आले, दोघं गच्चीवर जाऊन बोलले आणि खाली आले ते ठरवूनच. मला कावीळ झाली आहे असं कळवायचं. आणि तिला सांगायचं की चिठ्ठी आली नाही, कारण आली म्हटलं तर ती जायला निघेल आणि सगळ्यांच्याच गळ्याशी येईल.

तिला सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण ती मला भेटायलाच यायची. कुंभारीहून चालत आली होती. फाटकापाशी उभी राहिली, आत आली नाही. चिठ्ठी आली काय, म्हणून विचारलं. नाही, मी म्हणाले. ती थोडा वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिली.

"मी कमी पडले काय ग?"

"असेल," मी म्हणाले.

नाही म्हणता आलं असतं. काय माहीत, म्हणता आलं असतं. सरांनी, वडिलांनी मला चिठ्ठी आली नाही एवढंच सांगायला शिकवलं होतं. 'असेल' माझ्या पदरचं होतं. ती वळली आणि गेली, आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर वर्षभर ती मैदानावर दिसली नाही. सरांचा जीव मात्र तिच्यात अडकला होता, की अपराध टोचत होता, कोण जाणे. वर्षानं ते स्वतः कुंभारीला जाऊन, तिच्या आईच्या हातापाया पडून तिला आमच्या शाळेत घेऊन आले. या वेळी तिच्या स्वतःच्या नावानं. मी तोवर दहावीचं निमित्त करून खेळ सोडला होता. पुढचं सगळं गावाला आता तोंडपाठ आहे. राज्याचा संघ, वसतिगृह, राष्ट्रीय स्पर्धा, भारताची निळी जर्सी. गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर नको म्हणत असताना परत उभी राहिली. दुसऱ्यांदा गेला, तरी परत आली. बाहेरच्या देशांत खेळली, शेवटी संघाची कर्णधार झाली. मी ते बातम्यांत बघायचे आणि वाहिनी बदलायचे.

आणि मी ते प्रमाणपत्र घेऊन नोकरीच्या रांगेत उभी राहिले. पडताळणी झाली. शिक्का खरा, क्रमांक खरा, नोंदवहीत नाव खरं. त्यात खोटी होते ती मी, आणि माझी पडताळणी कुणी केली नाही.

परिचयात मी तिचं सगळं लिहिलं. ते एक वर्ष सोडून.

सभागृह भरलं होतं. मंचावर पुढारी जास्त आणि खुर्च्या कमी, म्हणून तिच्या आईला खाली पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी परिचय वाचला. आवाज थोडा कापला, लोकांना वाटलं मैत्रीण म्हणून गहिवरली. मग ती बोलायला उठली. माईक तिच्या छातीपर्यंतच येत होता, ती वाकून बोलली. अशा लोकांच्या भाषणात असतात तशी आभारांची नावं झाली. सर आता नाहीत, त्यांचं नाव घेताना थांबली. मग कुणीतरी खालून विचारलं, सर्वांत लक्षात राहिलेली बास्केट कुठली?

मला वाटलं, आता सांगणार. आणि खरं सांगते, भीतीच्या खाली कुठंतरी सुटकाही होती. नोकरी जाईल, वडील कोसळतील, जाऊ दे, पण एकदाचं कुणीतरी सांगून टाकेल.

तिनं सांगितलं. एका गुणानं मागं, वेळ संपत आलेली, बोर्डावरून उसळलेला बॉल. सगळं जसंच्या तसं. आणि मग माझ्याकडे हात केला. ती बास्केट हिनं मारली, म्हणाली. प्रमाणपत्रावर आहे ते माझं नाव तिनं पूर्ण उच्चारलं, वडिलांच्या नावासकट. पाठ केलेलं ती विसरली नव्हती.

सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. साहेब सगळ्यांत जोरात. मलाही उभं राहावं लागलं. हात जोडावे लागले. आयुष्यात मला मिळालेल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्या, आणि प्रत्येक टाळी मला गालावर बसत होती.

कार्यक्रम संपल्यावर फोटोंच्या गर्दीतून मी तिला मंचामागे गाठलं. असं का केलंस, विचारलं. तिनं गळ्यातले हार काढून खुर्चीवर टाकले. ती चिडलेली दिसत नव्हती, आणि तेच मला सोसेना.

"खरं सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. ती घालवून मला काय मिळणार हाय?" ती म्हणाली. मग म्हणाली, "चिठ्ठी आलती, म्हाईत हाय मला. सरांनी जायच्या आधी सांगितलं."

मी काहीतरी बोलायला गेले, तिनं हातानं थांबवलं.

"मला काय सांगू नकोस. अम्माला सांग. मी सांगितलं तर तिला वाटतं मी तिची समजूत घालालीय. तू सांगितलं तर पटेल. तेवढं एक कर की."

तिला पुन्हा फोटोसाठी ओढून नेलं. मी खाली आले. सभागृह रिकामं होत होतं, माणसं नाश्त्याच्या खोक्यांकडे पळत होती. तिची आई पहिल्या रांगेत तशीच बसून होती, सत्कारात मिळालेली शाल मांडीवर घेऊन. मी शेजारी बसले. तिनं मला ओळखलं, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटांची टोकं अजून कडक होती.

"तू तर तवाबी चांगली खेळत व्हतीस," ती म्हणाली. "आमचीच कमी पडली. तिला चिठ्ठी आली न्हाय त्या वर्षी."

मावशी, चिठ्ठी आली होती, मी म्हणाले. आमच्या घरी आली होती, माझ्या नावानं, पण ती तिचीच होती. ती बास्केटही तिचीच. ती कमी पडली नव्हती. आम्ही लपवलं, आणि ती विचारायला आली तेव्हा मी खोटं बोलले. एवढं सगळं मी एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुढं बोलले नसते.

तिनं मंचाकडे बघितलं. तिथे तिची मुलगी कुणाच्या तरी लहान मुलीला खांद्यावर घेऊन फोटो काढून घेत होती. मला वाटलं ती मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

"त्या वर्षी मी तिला लई मारलं," ती म्हणाली. "बॉलचं नाव काढलं की मारायची. येत न्हाय तुला तर कशाला जाती म्हनून."

मग तिनं माझा हात सोडला आणि मांडीवरच्या शालीची घडी घालायला घेतली.