वूटाखचं वळण

शोभनाकाकूंच्या अमेरिकेतल्या, पिस्कॅटवेच्या घरात जेवणाच्या टेबलावर गेली दीड वर्षं कुणी जेवलेलं नाही. टेबलभर गोधडी पसरलेली असते, आणि काकू नि अनिलकाका स्वयंपाकघराच्या ओट्याशी उंच स्टुलांवर बसून आमटीभात खातात. गोधडीवर जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या नद्या आहेत.

काका भूगर्भशास्त्रज्ञ. १९७४ साली ते संशोधनासाठी फ्रायबुर्गला गेले तेव्हा चोवीस वर्षांच्या काकूंजवळ पुण्याचा सिव्हिलचा डिप्लोमा होता आणि तीन महिने शिकलेलं मोडकंतोडकं जर्मन. तेवढ्यावर त्यांनी तिथल्या पाणी मोजणाऱ्या एका कचेरीत नोकरी मिळवली. काम सोपं होतं, फक्त थंड होतं. कमरेपर्यंत रबरी बूट चढवून ओढ्यात उतरायचं, दांडीला लावलेलं छोटं पातं पाण्यात धरायचं, ते किती वेळा फिरतं ते मोजायचं. सोबतचे पुरुष पहिल्या दिवशी हसले. एप्रिलमध्ये बर्फ वितळून ओढे फुगले आणि एक जण वाहून जाता जाता काकूंनी त्याची कॉलर धरली, तेव्हापासून हसले नाहीत. चार वर्षांत अकरा नद्या त्यांनी अशा पायांनी ओळखल्या. पुढे न्यूजर्सीत तीस वर्षं रस्त्यांखालची गटारं आखली. त्यांबद्दल त्या कधी बोलत नाहीत.

लग्नातल्या सहा साड्या जर्मनीत ट्रंकेतच पडून होत्या. त्यांचीच ही गोधडी. गोधडी कडेकडेने शिवत मध्याकडे न्यायची, ही आपल्याकडची रीत. काकूंनी ती मोडली. प्रत्येक नदी उगमापासून शिवायची, पाणी जसं जातं तसाच धावदोरा जाईल, असं त्यांनी ठरवलं. तळ्यांना निळे तुकडे लावले: फेल्डझे, टिटिझे. डाव्या आणि खालच्या काठाला जाड निळी पट्टी, ती ऱ्हाईन. उजवीकडे ब्रेग आणि ब्रिगाख एकत्र येऊन डॅन्यूब सुरू होते.

घाई होती. काकूंचा डावा डोळा तीन वर्षांपूर्वीच गेला होता. पडद्याच्या नेमक्या मध्यभागी होणारा आजार. उजव्यातही आता करडा डाग पसरत होता. डॉक्टरांनी जूनपर्यंतची आशा दिली होती. फेब्रुवारीत दहा नद्या झाल्या होत्या आणि एक उरली होती, ड्रायझाम. ही त्यांच्या फ्रायबुर्गच्या खिडकीखालून वाहायची. लेक नीना त्याच घरात जन्मली.

मी शेजारी राहतो, दर शनिवारी दोघांना किराणा आणायला नेतो. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी काका कोट घालून तयार होते, पण दारातून परत फिरून टेबलाशी गेले. आठ दिवस त्यांनी एक गोष्ट पोटात ठेवली होती.

"शोभना," ते म्हणाले, "तुझी वूटाख डॅन्यूबला गेली आहे."

"चेष्टा पुरे हं."

काकांनी काकूंचं बोट धरलं आणि टाक्यांवरून फिरवलं. टिटिझेतून निघालेलं पाणी पूर्वेला जातं, वाटेत नाव बदलतं, वूटाख होतं, आणि मग एका जागी कोपरासारखं वळून खाली ऱ्हाईनकडे उतरतं. काकूंचा दोरा वळलाच नव्हता. शिवण्याआधी खडूने काढलेलं वळण नेमकं त्या करड्या डागात गेलं होतं, आणि डोळ्याने तिथे आपल्या मनाने सरळ रेघ भरली होती. बोट कडेपर्यंत जाऊन थांबलं.

"राहू दे," काका म्हणाले. "वीस हजार वर्षांपूर्वी ती तिकडेच जायची. जुनी दरी अजून तिथे आहे. माझं सगळं शास्त्र तुझ्या बाजूने आहे."

"तेव्हा मी मोजायला नव्हते."

मग काका खरं काय ते बोलले. एवढं उसवून पुन्हा शिवायचं तर डोळ्याचे उरलेले दिवस त्यातच संपतील. ड्रायझाम राहील.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "चुकलेलीपेक्षा राहिलेली बरी." आणि कात्री मागितली.

त्या दिवशी किराणा राहिला. उसवायला तीन आठवडे गेले, कारण कापड जुनं होतं आणि घाईने ओढलं तर फाटलं असतं. नंतर काकांनी नकाशा बघून वळणावर ओळीने टाचण्या लावल्या. काकू डाव्या हाताने टाचणीचं डोकं चाचपत आणि उजव्या हाताने टाका घालत. आठवड्याला चार बोटं. मी कधी गेलो तर मान वर न करता बसायला सांगत. मे संपता संपता वूटाख ऱ्हाईनला मिळाली. टोकाची गाठ त्यांनी दातांनी ओढून घट्ट केली. जुन्या वाटेवर सुईची भोकं उरली होती. ओलं फडकं ठेवून इस्त्री केली, तरी ती बुजली नाहीत, आणि जुन्या दरीसारखी ती राहिली याचा काकांना लपवता न येणारा आनंद झाला.

जूनमध्ये डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आता काकूंना समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. तुमचा आवाज येईल तिकडे त्या किंचित तिरकं पाहतात, म्हणजे कडेने काही सापडतं. तक्रार ऐकलेली नाही. फ्रायबुर्गमधून जाणारी ड्रायझामची खडूची रेघ तेवढी पुसट होत चालली होती.

गेल्या शनिवारी गेलो तर टेबलाशी काका बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान भलत्याच बोटात. एकेक टाका एवढा लांब, की त्यात बोट अडकावं. काकू शेजारच्या खुर्चीवर बसून कुठे पूल, कुठे बांध, कुठे पाणी पायाला ओढायचं ते सांगत होत्या. वीतभर शिवून झाल्यावर काकांनी सुई खाली ठेवली आणि गोधडी त्यांच्याकडे सरकवली. काकूंनी तर्जनी उगमाशी ठेवली, सावकाश पुढे नेली आणि एका जागी थांबवली.

"आपल्या खिडकीनंतर ती थोडी उजवीकडे जाते. उसवा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, कात्री उचलली आणि उसवायला लागले.