शेळीचा खटला

माझी शाळा सातवीत सुटली, पण परवा मी टोकियोच्या विद्यापीठात बोलून आलो. सूनबाई तिथं शिकते. लढाई संपलेल्या देशात कायद्याचं राज्य परत कसं बसतं, हा तिचा विषय. वर्गापुढं कुणीतरी अनुभवी माणूस उभा करायचा होता. मी फौजेत हवालदार असताना शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत राहून आलेलो. घरातच माणूस मिळाला.

घराजवळच्या उरायासु स्टेशनात गाडीत बसल्यापासून तिची एकच काळजी. "बाबा, लिहून दिलंय तेवढंच बोला हं. माझे मार्क आहेत त्यावर."

"तिथं मी होतो का तू?"

"तुम्हीच होता. म्हणून तर भीती वाटते."

कागद मी खिशातच ठेवला. मराठीत सुरू केलं, ती जपानीत सांगत गेली.

आमच्या चौकीमागं मी मेथी लावली होती. गावातल्या एका म्हातारीची शेळी आली न् तिनं सगळी फस्त केली. आमच्या गावची रीत मला ठाऊक: मोकाट जनावर कोंडवाड्यात. चार खुंट ठोकले, तार ओढली, शेळी आत. म्हातारी भांडली, मी हललो नाही. तिथं नुकताच न्यायाधीश आला होता. आंब्याखाली टेबल टाकून बसायचा, पण कुणी फिरकायचं नाही. लोकांचा भरवसा बंदुकीवर. म्हातारी त्याच्याकडं गेली. पहिली फिर्याद, तीही माझ्यावर!

कॅप्टनसाहेब म्हणाले, "तू गेलंच पाहिजेस असं काही नाही."

"का नाही जाणार? माझी बाजू खरी आहे, साहेब."

रायफल चौकीत ठेवली न् गेलो. सगळा बाजार लोटला बघायला. न्यायाधीशानं दोघांचं ऐकून घेतलं आणि दुभाष्याकरवी मला विचारलं, "शेळी कोंडायला तार मिळाली, मग मेथीला कुंपण का नव्हतं?"

निकाल म्हातारीच्या बाजूनं लागला. शेळी सोडली. म्हातारी असं हसली माझ्याकडं बघून! दुसऱ्या दिवशी आंब्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी कोंबडीसाठी, कुणी बांधासाठी भांडत होतं, पण कोयते घरी ठेवून.

वर्ग खदखदून हसला. मग सेन्सेई, म्हणजे त्यांचे मास्तर, विचारते झाले, "तो निकाल तुम्हाला पटला होता?"

"मुळीच नाही. अजूनही नाही. मेथी माझी गेली!"

सूनबाई अडली. हळूच म्हणाली, "बाबा, माझा मुद्दाच उलटा होईल. पटला असं सांगू का?"

"जसंच्या तसं सांग."

तिनं सांगितलं. मास्तर पुढं वाकले. "न पटताही सोडलीत?"

"सोडली. बंदूकवाल्यानंच निकाल मानला नाही, तर म्हातारीनं जायचं कुणाकडं?"

हे सांगताना तिचा आवाज मोकळा झाला. मास्तर तिला बराच वेळ काहीबाही बोलले, ती मान हलवत राहिली.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, बाकीचं राहू दे, निबंध यावरच लिही."

"लिही की. पण निकाल चुकीचा होता, हेही लिही."

"लिहिते, बाबा," ती हसत म्हणाली. "तुमची हरकत म्हणून."