कमानीला परकर

बन्सीलाल शिंप्याला नाही म्हणता येत नसे. सुरतेच्या उधन्यात एका चाळीच्या जिन्याखाली त्याचं पडद्यांचं दुकान होतं. मशीन आत ठेवलं की त्याला स्वतःला अर्धं बाहेर बसावं लागे, इतकं ते लहान. पाटी रंगवणाऱ्याला त्याने सांगितलं होतं, "पडदे शिवून मिळतील, एवढंच लिही." पण पाटीवर जागा उरली आणि रंगही उरला, म्हणून त्या माणसाने आपल्या मनाने पुढे लिहून टाकलं, 'कसल्याही खिडकीला.' बन्सीलालने ते वाचलं, जरा विचार केला, आणि तेव्हापासून ते वचन आपणच दिलं आहे असं धरून चालला. सरळ खिडक्या, तिरक्या खिडक्या, एकदा तर कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यालाही त्याने झालरीचा पडदा शिवून दिला होता.

मागच्या चैत्रात रंजनाबेन त्याच्याकडे आली. मूळची अमळनेरची, पण सुरतेत वाढल्यामुळे तिच्या मराठीत गुजराती कधी शिरे ते तिलाही कळत नसे. जवळच्या सचिन नावाच्या गावाबाहेर एका सोसायटीत त्यांनी नवं घर घेतलं होतं. बिल्डरने प्रत्येक घराला पुढच्या बाजूला सहा फूट रुंद, वरून अर्धगोल कमानीची खिडकी दिली होती, आणि शेजारी गॅलरीत उघडणारा काचेचा दरवाजाही तसाच कमानीचा.

"एकदम महाल जेवुं, महालासारखं लागतं, काका," ती म्हणाली. "पण आमचे हे रातपाळी करून आठ वाजता येतात आणि खिडकीखालीच झोपतात. दहाला ऊन बरोबर तोंडावर!"

"होऊन जाईल," बन्सीलाल म्हणाला. कमानीच्या खिडकीला पडदा त्याने जन्मात कधी शिवला नव्हता.

पहिल्यांदा त्याने सोपा मार्ग धरला. कमानीच्याही वर भिंतीत सरळ दांडी ठोकली आणि तिथून जमिनीपर्यंत चांगला जाड पडदा सोडला. खोलीत झकास अंधार झाला. रंजना मात्र रडकुंडीला आली.

"काका, कमान कुठे गेली?"

"आहे ना, पडद्यामागे."

"पडद्यामागे ठेवायला घेतली का ती? आता सरकारी शाळेच्या खिडकीसारखी दिसते!"

तिचं म्हणणं खरं होतं. बन्सीलालने दांडी उपटून, जिथे कमान सुरू होते तिथे खाली लावली. आता कमान दिसली, पण तिच्यातून ऊनही आलं. दोन दिवसांनी तो बघायला गेला तर रंजनाचा नवरा भूपेंद्र डोक्यात मोटारसायकलचं हेल्मेट घालून, काळी काच खाली ओढून गाढ झोपला होता. घोरण्याचा आवाज आतून घुमत होता. भूपेंद्रची आई उषाबाई शेजारी बसून मटार सोलत होती.

"बघा," ती म्हणाली, "पोरगा घरात झोपलाय की गाडीवरून पडलाय, कळत नाही. सकाळी दूधवाला घाबरून गेला."

तिसऱ्या खेपेला बन्सीलालने पाइप कमानीसारखा वाकवून आणला आणि त्यात कड्या ओवून पडदा चढवला. सगळे मागे सरून बघू लागले. बन्सीलालने हात सोडताच वरच्या कड्या सर्रर्र करत दोन्ही बाजूंना घरंगळल्या आणि पडदा दोन्हीकडे गोळा होऊन बसला. मध्ये लख्ख उघडी कमान!

भूपेंद्रने हेल्मेटची काच वर केली. "काका, खिडकीला तेल लावून भांग पाडला काय?"

त्या दिवशी बन्सीलाल चिडला, म्हणजे त्याने चहाला नाही म्हटलं. रंजनाकडून जुनी वर्तमानपत्रं मागून घेतली, ती डिंकाने एकमेकांना चिकटवली, कमानीवर धरली आणि पेन्सिलने कडेकडेने रेघ मारली. तेव्हा त्याला कळलं की कमान डावीकडे चार बोटं खाली बसली आहे. गवंड्याने बहुतेक एका डोळ्याने पाहून बांधली होती. म्हणजे आजवरची टेपने घेतलेली सगळी मापं फुकट.

तो कागद घरी आणून त्याने जमिनीवर पसरला आणि त्याच्याभोवती उकिडवा बसून राहिला. बायको कलाबाई दोरीवरचे कपडे काढून आली. खोली केवढीशी, त्यात तो कागद. तिने कपड्यांचा ढीग त्याच्यावरच टाकला. सगळ्यात वर तिचा मोरपंखी परकर पडला, नाडीचा नेफा खाली चुण्यांनी गोळा झालेला आणि घेर वर पसरलेला.

बन्सीलाल ताडकन उठला. "कला, हलू नको!"

"काय व्हयनं? पाल शे का?" घरात ती अहिराणीच बोले.

त्याने परकर कागदावर नीट मांडला. नेफा खाली मधोमध, घेर कमानीच्या रेघेवर. निम्मीच कमान भरली. मग त्याने खिशातून छोटी कात्री काढली आणि परकराची बाजूची शिवण उसवायला घेतली.

"तुमनं डोकं फिरनं का!" कलाबाई ओरडली. "मना नवा परकर शे तो! दोनदा नेसनू फक्त!"

"पुन्हा शिवून देतो. हे बघ, अख्खा घेर उघडला की बरोबर कमानीइतका होतो. वर पंखा, खाली चुण्या. कड्या नाहीत, घरंगळायचं नाव नाही!"

कलाबाईने कमरेवर हात ठेवून बघितलं. मग म्हणाली, "मी येस संगे. परकर मना शे."

दोघं रिक्षाने सचिनला गेली, परकर कलाबाईच्या मांडीवर. बन्सीलाल स्टुलावर चढला आणि कमानीच्या लाकडी चौकटीवर बारीक खिळ्यांनी घेर अडकवू लागला. कलाबाई खालून नाडी आवळत होती. खिडकी रस्त्यावर, त्यामुळे पाचच मिनिटांत समोर बायका जमल्या. रंजनाच्या घराला कोणीतरी परकर नेसवतंय, ही बातमी मागच्या गल्लीपर्यंत गेली.

"जरा उजवीकडे ढिला करा," एक म्हणाली.

"नाडीला गाठ नको, फास मारा!" दुसरी म्हणाली. या विषयात सगळ्याच जाणकार होत्या.

बन्सीलाल खाली उतरला. कमानीत मोरासारखा पंखा फुलला होता आणि खोलीत निळसर, थंड सावली आली होती. कमान दिसत होती, ऊन दिसत नव्हतं. रंजना टाळ्या वाजवायला लागली. फक्त उषाबाईने मान हलवली.

"छान आहे, पण पाहुणे आले तर सांगू काय? सोफ्याच्या वर परकर टांगलाय?"

"मावशी, हा नमुना," बन्सीलाल म्हणाला. "खरा पडदा साईच्या रंगाचा, जाड, अस्तर लावून. चौकोनी भागाला खाली साधे दोन पडदे, बाजूला सरकणारे."

"आणि दरवाजा?" रंजनाने विचारलं.

याचं उत्तर कलाबाईने दिलं, परक्यांशी बोलायच्या मराठीत. तिने दरवाजा दोनदा उघडून-मिटून पाहिला होता. "भिंतीला लावलात तर दर वेळी पडदा फटीत अडकेल. दरवाजाच्या फळीलाच चिकटवा, वर-खाली दोन्हीकडे. फळीबरोबर फिरेल."

बन्सीलालने बायकोकडे पाहिलं. पंचवीस वर्षं ती फक्त शिवणीतले धागे तोडते, असं तो धरून चालला होता.

आठवड्यात पडदे लागले. पुढच्या महिन्यात त्याच सोसायटीतल्या अकरा कमानींची कामं आली, कारण ऊन सगळ्यांनाच लागत होतं. बन्सीलाल सगळ्यांना सांगे, "याला पंखा पडदा म्हणतात." लोक मान डोलावत आणि शेजाऱ्यांना फोन करून सांगत, "त्या परकरवाल्याला बोलाव." मापाला आता कलाबाई जाते, वर्तमानपत्रं आणि पेन्सिल घेऊन. गवंड्याची चूक तिला दारातूनच दिसते.

तक्रार एकच आली. परवा दुपारी रंजनाचा फोन आला.

"काका, हे सकाळी आठला झोपले ते रात्रीपर्यंत उठतच नाहीत! परवा ड्यूटी चुकली, काल चुकली. थोडंसं ऊन येईल असं काही करून द्या ना!"

बन्सीलाल सवयीने "होऊन जाईल" म्हणणार, तोच कलाबाईने त्याच्या हातातून फोन घेतला.

"रंजना," ती म्हणाली, "पडद्याला हात लावायचा नाही. नवऱ्याला गजर लावायला सांग."