सुचिताची चावी आणि माझा नारळ

दिवेआगरात राहून मी ऑनलाइन नारळ मागवला. हे मी आपण होऊन सांगतोय, कारण गावात आता ते ठाऊक नाही असा माणूस उरलेला नाही. कुरिअरवाल्या विनेशने सुचिताच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर गाडी उभी केली, खोक्यावरचं नाव वाचलं आणि ओरडला, "सुचिताताई, तुमच्या नावावर नारळ आलाय."

सुचिताने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच हात वर केला.

"मास्तर," विनेश म्हणाला, "वाडी विकलीत की काय?"

नारळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, चकाचक. शेंडीसुद्धा काढून टाकलेली, म्हणजे पूजेलाही बाद.

पण मी हे केलं ते सुचितासाठीच. शाळेत मी तिला गणितात दोनदा नापास केलं होतं, हे ती अजून गिऱ्हाइकांना माझ्यादेखत सांगते. चक्रीवादळात तिच्या घरची सुपारीची वाडी आडवी झाली. नवी रोपं धरेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कसं, म्हणून ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायला शिकली, आणि दोन वर्षं खपून तिने 'विचारा' नावाचं ॲप उभं केलं. एक बडं ऑनलाइन दुकान आपल्या मालाची माहिती बाहेरच्या प्रोग्रॅमवाल्यांना खुली करतं. त्यासाठी एक चावी देतं. चावी कसली, अक्षरं आणि आकड्यांची लांबच लांब ओळ. ती लावली की सुचिताचं ॲप त्यांच्या गोदामात डोकावतं, हवी ती वस्तू हुडकतं आणि सुचिताच्याच आवाजात भाव सांगतं. गावातल्या म्हाताऱ्या बाबाजींच्या कानाच्या यंत्राचा सेल आसपास कुठे मिळेना, तो त्याने एका मिनिटात काढून दिला.

अडचण एकच. सुचिताला खरं बोलायची खोड आहे, आणि ती तिने ॲपलाही लावली. कुणी बादली विचारली की ॲप भाव सांगतं आणि वर म्हणतं, "बोर्लीच्या बाजारात स्वस्त आहे. चालत जा." कुणी झाडू विचारला की म्हणतं, "घरातला आधी झिजवा." खाली एक बारीकसं बटण, 'तरीही घेतो'. एवढं ऐकल्यावर ते दाबणार कोण?

त्यात त्या ऑनलाइन दुकानाची अट अशी, की सहा महिन्यांत ॲपमधून निदान तीन खरेद्या झाल्या पाहिजेत, नाहीतर चावी बंद. एक झाली बाबाजींच्या सेलची, दुसरी केसरवहिनींच्या जुन्या शिवणयंत्राच्या बॉबिनची. तिसरी काही होईना, आणि मुदत शुक्रवारी संपत होती. सुचिताचं लक्ष उडालं होतं, लोकांना झेरॉक्स कागदाच्या कोऱ्या बाजूच्या मिळायला लागल्या होत्या.

मला राहवेना. सोमवारी अंगणात बसून ॲपला पहिली सुचली ती वस्तू विचारली, नारळ.

"अहो, डोकं वर करा," ॲप म्हणालं.

मी केलं. माडावर पंधरा-वीस तरी लटकत होते. तरीही बटण दाबलं. नाव सुचिताचं आणि पत्ता तिच्या दुकानाचा टाकला, गावाची अर्धी पार्सलं तिथेच तर येतात.

इथेच घोळ झाला. ॲप करणाऱ्याने स्वतःच्याच नावावर केलेली खरेदी ते ऑनलाइन दुकान धरत नाही. तसं त्यांनी कळवलं आणि शुक्रवारी चावी बंद केली.

ॲप बोलायचं मात्र थांबलं नाही. भाव गेले, सुचिताने लिहिलेलं तेवढं राहिलं. बादली विचारली की "बोर्लीच्या बाजारात स्वस्त आहे. चालत जा." चार दिवस गावाला फरकच कळला नाही. कळला तो बाबाजींना. कानातला सेल संपत आलेला, आणि नवीन हुडकणार कोण?

म्हणून सुचिता चावीसाठी नवा अर्ज भरायला बसली. पुन्हा सहा महिने, पुन्हा तीन खरेद्या. मी अपराध्यासारखा नारळ घेऊन शेजारी उभा राहिलो.

"या खेपेला शहाणी हो," मी म्हटलं. "ते 'चालत जा' तेवढं काढून टाक. तीन काय, तीनशे खरेद्या होतील."

तिने अर्जावरून मानही वर केली नाही.

"सर, तुम्ही बोर्लीला चालत जा."