रुसलेले राजेसाहेब

राष्ट्र माणसापेक्षा मोठं असतं. आमच्या देवरावांकडे मात्र ते सिगारेटच्या पाकिटात मावेल एवढं होतं.

देवराव गेल्याचा फोन सुमनवहिनींनी केला. "भाऊजी, हे गेले... या." मालेगावहून अनसिंगला जाताना मला सारखी त्यांच्या बैठकीतली चौकट आठवत होती. देवराव एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. साधी सुपारीही न खाणाऱ्या या माणसाला नाद होता भंगारात मिळणाऱ्या जुन्या सिगारेटच्या चित्रांचा. पाकीट चेपू नये म्हणून विलायती कंपन्या आत चित्राचा पुठ्ठा घालत. एका मालिकेत जगातली राष्ट्रं होती. इंग्लंड म्हणजे ताठ खलाशी, हिंदुस्थान म्हणजे हत्तीवर बसलेला, मोत्यांनी लगडलेला राजा. पुढे राष्ट्राभिमानाचे पुष्कळ उपयोग निघाले, पण पाकीट ताठ ठेवण्याइतका प्रामाणिक एकही नाही.

"हा आपला देश?" देवराव म्हणायचे. "मंग या हत्तीचं शेण उचलनारा माहा आजा कोन्या देशातला होता बे?" त्यांनी ते चित्र चौकटीत लावलं, पण राजाचं तोंड भिंतीकडे करून. समोर दिसे पुठ्ठ्याच्या पाठीवरची तंबाखूची जाहिरात. कुणी विचारलं तर सांगत, "राजेसाहेब रुसले हायेत."

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला गावातल्या वाचनालयाचे अध्यक्ष फ्लेक्स घेऊन आले. त्यावरच्या चित्रासाठी चौकट त्यांनी आधीच मागून नेली होती, ती आता परत आणली होती. फ्लेक्सभर तो राजा, वर 'राष्ट्रगौरवाचे उपासक', आणि देवरावांचा पासपोर्ट फोटो उरलेल्या जागेत... हत्तीच्या मागच्या पायाशी. आजाच्या जागेवर नातू. अध्यक्ष माइकवर गहिवरले आणि ही चौकट वाचनालयात लावू, राजा दर्शनी ठेवू, असं जाहीर करून बसले.

वहिनी उठल्या. "चौकट न्या, सायेब. पन राजा भिंतीकडंच राहीन. त्याईनं जिंदगीभर त्याले तोंड दाखवू देलं नाई, तुमी कोन दाखवनार?"

अध्यक्ष भाषणाची भाषा विसरले. "मंग लोकायले दिसन काय, वहिनी?"

"त्याईले दिसे तेच."

माइक चालूच होता. नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

परवा वाचनालयात जाऊन आलो. चौकट वहिनींनी सांगितली तशीच लागली आहे. ही तंबाखू किती मुलायम आणि घशाला किती हितकर, ते इंग्रजीत वाचता येतं. शेजारी वाचनालयाची जुनी पाटी आहे : धूम्रपानास सक्त मनाई.