हौदावर न दुमडलेली बाही

ती घटना आठवली की आजही मी बसल्या जागी ताठ होतो. ऐंशीचं दशक. मी घाटकोपरला हवालदार. शिक्षण चौथी. माणूस वाचायला शाळा लागत नाही, असं छाती ठोकून सांगायचो.

डोंगरावरच्या मुस्लिम वस्तीत एक विधवा बाई भाड्याच्या खोलीत मुलींना लिहायला-वाचायला शिकवायच्या. भर दुपारी कोणीतरी रॉकेल ओतून ती खोली पेटवली. आत कोणी नव्हतं, पण पाट्या-पुस्तकं गेली. घरमालक म्हणाला, "शुक्रवारपर्यंत माणूस सापडला नाही तर खोली सोडा. उद्या माझी चाळ पेटवतील."

बाई मला एवढंच म्हणाल्या, "खोली गेली ना साहेब, तर या मुली परत उंबरा ओलांडायच्या नाहीत."

माझा संशय सरळ मशिदीच्या मौलानांवर. कोकणातला म्हातारा, दाढी छातीपर्यंत, आणि वर्गाला उघड विरोध. पोलीस ठाण्यात बोलावून तीन तास बाकड्यावर बसवला. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वर्ग बंद करा, असं तुम्हीच बोललात ना?"

"बोललो. आजही बोलतो. पण जाळा असं नाय बोललो."

गुरुवारी सकाळी मौलाना आपण होऊन आले.

"हवालदार, नमाजाआधी आम्ही हौदावर कोपरापर्यंत हात धुतो. एक जण पाच वर्षं माझ्या शेजारी बसून धुतो. आग लागल्यापासून घरूनच धुऊन येतोय. एवढ्या उकाड्यात बाहीचं बटण लावलेलं."

तो पंचविशीचा गॅरेजवाला. बाहेरदेशातून आलेल्या भडक भाषणांच्या कॅसेटी ऐकायचा. मौलानांनाच सुनवायचा, "तुमचा दीन, तुमचा धर्म पातळ झालाय." त्याला उचलला. बाही वर केली तर हात भाजलेला.

"स्टोव्ह भडकला."

दोन तास तेच. स्टोव्ह, स्टोव्ह. आमचे साहेब तापले. तेवढ्यात बाहेर थांबलेले मौलाना म्हणाले, "मला एकच विचारू द्या."

त्याच्यासमोर बसले. आवाज चढवला नाही. "काम दीनचं होतं, तर अल्लाच्या घरात हात का लपवलास रे?"

तो पहिल्यांदा खाली बघायला लागला. बाही खाली ओढत म्हणाला, "तुम्ही बघाल म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. नाल्यात फेकलेला रॉकेलचा डबा त्यानेच काढून दिला, पंचनामा झाला. बाईंची खोली राहिली. सोमवारी वर्ग भरला.

जुन्या वळणाचा माणूस आणि माथं भडकलेला माणूस, दोघांना दाढी असते म्हणून मी त्यांना एकाच वहीत लिहिलं होतं. तपासात याहून मोठी चूक नाही. मौलानांचा वर्गाला विरोध शेवटपर्यंत राहिला. तरी त्यांनी वर्ग वाचवला. अशी छाती मी खात्यातही पाहिली नाही.

मुदतीच्या त्याच शुक्रवारी नमाजानंतर ते जबाबावर सही करायला आले.

"वस्ती तोंड फिरवेल, मौलाना."

"फिरवलं. आज माझ्यामागे तीनच रांगा होत्या. पूर्वी आठ असायच्या."

मी माझी खुर्ची पुढे केली. ते त्याच बाकड्यावर बसले. म्हणाले, "राहू द्या. हे ओळखीचं आहे."

माफी मी जन्मात कोणाची मागितली नाही, तेव्हाही नाही. पण त्यांची सही होईपर्यंत मी उभा होतो, आणि ठाण्यातलं कोणीच बसलं नाही.