दातांत धरलेला डिसमिस

पयल्यांदा गिटार घेऊन उस्मान मिस्त्रीकडं गेलो, तवा तो माझ्या स्पीकरची पेटी चावायला लागला. मला तरी तसंच वाटलं. गुडघ्यावर बसला, लांब डिसमिसची लाकडी मूठ दातांत धरली, टोक पेटीच्या फळीला टेकवलं नि डोळे मिटले. दुसरा डिसमिस हातात, त्यानं गिटारचे स्क्रू फिरवायचे. मूठ न सोडता मधनंच म्हणायचा, "आँ." म्हंजे पुढची तार वाजीव. मी मनात म्हटलं, मुंबईत शिकून आलेला माणूस, ही काहीतरी मोठी विद्या असंल. घरी येऊन मीबी डिसमिस दातांत धरून बसलो. विद्या नाय आली, तोंडात तेल तेवढं आलं.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. मी तिसरीतनं पळालेला. आमची हळदीला वाजवणारी पार्टी होती, कर्जत ते खालापूर कुठंबी बोलवा. विजेवरची गिटार एकच, मुंबईहून जुनी आणलेली, नि ती माझ्या गळ्यात, कारण ढोलकी वाजवायची अक्कल मला नव्हती. मला गाणी यायची तीन. बाकीचा वेळ मी माइकवर नकला करायचो. टाळ्या पडायच्या त्या गिटार थांबल्यावर.

मिस्त्री राहायचा पळसदरीला, दुकान कर्जतच्या बाजारामागं. गिटारच्या मानेत लोखंडी सळई असते. तारांच्या ताणानं मान वाकते, ती सळई आवळून सरळ करायची. मिस्त्री गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावायचा, मानेवरनं नजर टाकायचा, पाव आटा फिरवायचा नि म्हणायचा, "जा आता. उद्या बघू."

"चाचा, पाव आट्याला एक दिवस?"

"लाकूड हाय रं दाम्या. त्याला कळायला टाइम लागतो. तुझ्यावानीच."

मला कुठला दम! घरी मीच तीन आटे दिले. मान बैलाच्या वशिंडावानी वर आली, तारा पट्ट्यांवर खरखरायला लागल्या.

"कुणी फिरवला रं?"

"मांजरीनं, चाचा."

"मांजरीला सांग, परत हात लावलास तर मिशा कापीन."

पाव-पाव आटा करत त्यानं चार दिवसांत मान परत आणली. मिशा वाचल्या.

त्याची एक सवय होती. "समोर येऊन बोल," म्हणायचा. "मागनं बोललेलं मी ऐकत नसतो." मला वाटायचं, मिजास हाय. एकदा दुकानात फळीवरनं रेडिओचा डबा धाडकन खाली पडला. मी उडालोच. मिस्त्रीची पापणी हलली नाय. मग त्यानं माझं तोंड बघितलं, पडलेला डबा बघितला, नि हातातलं काम खाली ठेवलं.

"घाटात सुरुंगाच्या कामाला व्हतो, तिथं गेले कान," तो म्हणाला. "बायको बोलती, नुसतं तोंड हलतं तिचं. ते बघून भागवतो. पेटीला दात लावले का तेवढं डोसक्यात वाजतं. दिवसातनं तेवढंच. कुणाला बोलू नको रं. बहिऱ्याच्या हाती वाजायची वस्तू कोण देईल? हे गेलं तर मी संपलो."

मी आईची शपथ घेतली. आई बिचारी जिवंत होती तवा.

पुढं खालापूरला एका हळदीत आमचा गाणारा वेळेवर आला नाय. मांडवात शिट्ट्या सुरू झाल्या. पार्टीवाले म्हणाले, "दाम्या, हसव काहीतरी." माझ्याजवळचं सगळं संपलेलं. मी डिसमिस दातांत धरला नि मिस्त्री झालो. मांडव हसला. हसू म्हंजे मला दारूपेक्षा वाईट, एका घोटावर भागत नाय. मी माइक तोंडाशी धरून ओरडलो, "का चावतो ठावं हाय का? ठार बहिरा हाय!"

लोक लोळायचे बाकी राहिले. तवा मला दिसलं, मागच्या रांगेत मिस्त्री बसलेला. माइकाआड माझे ओठ त्याला दिसले नव्हते. सगळी हसतात म्हणून तोबी हसत होता. मांडीवर थाप मारून टाळ्या वाजवत होता.

महिन्याभरात त्याच्याकडं कोणी फिरकंना. पेटीवाले, बेंजोवाले, सगळे पनवेल धरायला लागले. तो रोज दुकान उघडायचा नि रिकाम्या बाकाकडं बघत बसायचा.

"कुणीतरी फोडलं रं," एकदा म्हणाला. "तू नाय. मला ठावं हाय." मग म्हणाला, "त्या हळदीत काय बोललास? लोक लय हसली."

"तुमच्या डिसमिसवर बोललो, चाचा."

"झ्याक केलंस. मीबी हसलो."

मी काय करणार? तारांखाली ते चुंबक बसवलेले असतात, पिकअप, त्यांचे स्क्रू दर आठवड्याला घरी मुद्दाम बिघडवायचो नि गिटार त्याच्याकडं न्यायचो. तेवढंच एक गिऱ्हाईक. तो म्हणायचा, "तुझी मांजर लय खोडीची हाय." अशी दोन-चार वर्षं गेली. त्याचे दात पडले. मग तो जबडा टेकवायला लागला. मग कपाळ.

शेवटच्या खेपेला तो कपाळ पेटीला लावून बसला, माझ्याकडं पाठ. मी जाडी तार वाजवायला लागलो. त्याची पाठ बघितली नि तोंडातनं निघालंच, "चाचा, मीच बोललो. खालापूरला, माइकवर. मीच फोडलं." तोंडावर सांगायची छाती नव्हती, पाठीला सांगितलं. हात चालूच होता. आवाज पुरा सोडलेला, फळीवरचे खिळे नाचत होते.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "वाजीव की रं, दाम्या. कवाधरनं वाट बघतोय."

मी वाजवतच होतो.

तो वळला. त्यानं माझा हात बघितला, नाचणारे खिळे बघितले. तारेवर बोट ठेवून ती थांबवली. मग तो लांब डिसमिस माझ्या हातात दिला. मुठीवर त्याच्या दातांचे खड्डे होते.

"पाव आटाच फिरवायचा," म्हणाला. "नि उद्या बघायचं."

आता तो समोर होता, माझ्या ओठांकडं बघत. सांगायचं ते आता सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "बरं, चाचा."